वस्तऱ्याची धार : अंदाजाने नव्हे, प्रयोगाने
(कारागिरांसाठी एक पाठ)

कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात शिकलगार आडनावाची मुस्लिम कुटुंबे गावोगाव आढळतात. 'सैकल' या अरबी शब्दाचा अर्थ घासून झळाळी देणे असा आहे. हत्यारांना झळाळी आणि धार देणारा तो सैकलगर, आणि त्याचेच मराठीत शिकलगार झाले. संस्थानी काळात तलवार, कट्यार, भाला यांची निगा राखणे हे या कारागिरांचे काम होते. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील वस्तुसंग्रहालयात संस्थानची शस्त्रे आजही पाहावयास मिळतात. शस्त्रांचे दिवस संपले, तेव्हा हाच हुनर कात्री, सुरी, अडकित्ता आणि वस्तरा यांच्या कामी आला आणि त्यावर अनेक घरांची रोजी चालली.

दुसऱ्या बाजूस न्हावी व हज्जाम होते. बारा बलुतेदारांपैकी एक असलेला न्हावी वर्षाच्या बलुत्यावर काम करीत असे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बलुतेदारीची पद्धत बंद केली आणि कारागिराला आपल्या हुनराचे मोल रोख घेण्याची वाट मोकळी झाली. त्याच्या धोकटीत वस्तरा, निसणा, चामड्याचा पट्टा, कात्री आणि नऱ्हाणी हे सामान असे. यातील निसणा आणि पट्टा ही धारेची साधने होत. धार चांगली तर गिऱ्हाईक टिके. धार वाईट तर गालावर रक्त आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात, असा सरळ हिशेब होता.

हे ज्ञान उस्तादाच्या हातातून शागीर्दाच्या हातात गेले. 'हात बसला की धार बसते' हेच त्याचे पुस्तक. परंतु दगड कोणता, हात किती फिरवावेत, पट्ट्याला काही लावावे की नाही, या प्रश्नांची उत्तरे दहा उस्तादांकडून दहा मिळतात. प्रत्येकजण आपलेच खरे म्हणतो. नव्या मुलाने कोणाचे ऐकावे? याचे उत्तर असे की, सर्वांचे ऐकावे आणि प्रत्येक म्हणणे तपासून पाहावे. ते कसे तपासावे, हाच या पाठाचा विषय आहे. वस्तरा हे येथे उदाहरण आहे. शिंप्याची कात्री, चपला करणाऱ्याची रापी, खाटकाची सुरी यांनाही हीच रीत लागू पडते.

धार म्हणजे नेमके काय?

वस्तऱ्याचे पाते एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ असते. जाड बाजूस आपण पाठ म्हणू. निसण्यावर वस्तरा आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. म्हणजे धारेचा कोन कारागिराचा हात ठरवीत नाही, तर वस्तरा घडविणाऱ्याने तो आधीच ठरवून दिलेला असतो. पाठीची जाडी साडेपाच मिलिमीटर आणि पात्याची रुंदी २० मिलिमीटर धरली, तर कोन सुमारे १६ अंश येतो. सुरीला कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याला तो सांभाळावा लागत नाही. त्यामुळे प्रयोग करून शिकण्यास वस्तऱ्यासारखे सोयीचे हत्यार नाही. एक मोठी अडचण मुळातच दूर झालेली असते.

आता बारकावा पाहू. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातील एका भागास मायक्रॉन म्हणतात. दाढीचा केस साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. दाढीच्या चांगल्या पातीच्या धारेची जाडी मात्र अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी, सुमारे ०.४ मायक्रॉन भरते. म्हणजे केसाच्या जाडीचा दोनशेवा-अडीचशेवा भाग. इतकी बारीक वस्तू डोळ्यांना दिसत नाही आणि बोटालाही नीट कळत नाही. म्हणूनच 'मला धार कळते' या भरवशावर न राहता तपासणीची पक्की रीत हवी.

मुंबईहून गेलेले पोलाद

वस्तऱ्यावरील प्रयोगांचा इतिहास आपल्या मुलखाशीही जोडलेला आहे. १७९४ मध्ये मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी हिंदुस्थानी पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. या पोलादास इंग्रज 'वूट्झ' म्हणत. त्यावर जॉर्ज पिअर्सन यांचा अहवाल १७९५ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनचे हत्यार-कारागीर जेम्स स्टोडार्ट यांनी या पोलादापासून हत्यारे घडविली आणि 'हिंदुस्थानच्या पोलादाचे वस्तरे व शस्त्रक्रियेची हत्यारे' अशी आपल्या दुकानाची जाहिरातही केली.

पुढे याच स्टोडार्ट यांनी थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांच्याबरोबर १८१८ ते १८२२ या काळात पोलादात निरनिराळे धातू मिसळून प्रयोग केले. वूट्झसारखे पोलाद आपल्याला तयार करता येईल का, हा त्यामागचा एक हेतू होता. त्या पोलादाचे वस्तरे फॅरडे यांनी मित्रांनाही दिले. एक विद्वान आणि एक कारागीर शेजारी बसून मिश्रण बदलीत होते, त्याचा परिणाम पाहत होते आणि लिहून ठेवीत होते. आपल्याकडे हे पोलाद करणारे हात मोठ्या कसबाचे होते. पण त्यांची कृती बहुतांशी तोंडीच राहिली आणि धंदा बसला तशी तीही मागे पडली. नोंद का ठेवावी, हे सांगण्यास याहून मोठे उदाहरण नको.

सामान : बहुतेक गावातच मिळणारे

धार लावण्याचे सामान महागडे असलेच पाहिजे असे नाही. पुढील वस्तू पुरेशा आहेत.

१) जाड, सपाट काच, साधारण एक वीत रुंद व दीड वीत लांब. आरसेवाल्याकडील तुकडाही चालतो. मात्र कडा घासून घ्याव्यात.

२) मोटारींच्या रंगकामात वापरला जाणारा वॉटर पेपर, १०००, २००० व २५०० नंबरचा. त्यांतील कण अनुक्रमे सुमारे १८, १० व ८ मायक्रॉनचे असतात. ३००० व ५००० नंबरचे कागदही रंगाच्या मोठ्या दुकानात मिळतात.

३) ज्यांना जमेल त्यांनी एक बारीक पाणदगड घ्यावा. जपानी पद्धतीच्या ८००० नंबरच्या दगडातील कण दीड-दोन मायक्रॉनचे असतात. येथे एक फसगत ध्यानात ठेवावी. कागदाचा १००० नंबर आणि जपानी दगडाचा १००० नंबर सारखे नव्हेत. कागदाचा कण सुमारे १८ मायक्रॉनचा, तर दगडाचा साधारण १४-१५ मायक्रॉनचा असतो. दुकानदाराला नंबराबरोबर मायक्रॉनही विचारावेत.

४) चामड्याचा पट्टा, दोन-अडीच इंच रुंद व दीड फूट लांब. यासाठी कोल्हापूरकरांना दूर जावयास नको. बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले, कोल्हापुरी चपलेसाठी वापरले जाणारे चामडे या कामास योग्य आहे. मात्र तुकडा सपाट, एकसारख्या जाडीचा आणि तेल न लावलेला पाहून घ्यावा. असे दोन पट्टे करावेत.

५) क्रोमियम ऑक्साइडची हिरवी भुकटी किंवा पेस्ट. धातूला चकाकी आणणाऱ्यांकडे याच जातीची हिरवी वडी असते. वडीत जाडे कण मिसळलेले असू शकतात. म्हणून वस्तऱ्यासाठी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासची भुकटी मागून घ्यावी.

६) जवाहिऱ्याचे दहापट भिंग, जाड शाईचे मार्कर पेन, विजेच्या कामातील चिकटपट्टी आणि एक वही. शेवटची वस्तू सर्वांत स्वस्त व सर्वांत मोलाची आहे.

घासण्याच्या दगडांचे मूळही जाणून घेण्यासारखे आहे. जुन्या काळी शिकलगाराची गोल सहाण कुरुंदाची भुकटी लाखेत कालवून तयार होत असे. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांना कार्बोरंडमचा शोध लागला आणि कारखान्यात तयार झालेले दगड बाजारात आले. आपल्या राज्यात उरणजवळील मोरा येथे १९४१ मध्ये ग्राइंडवेलचा घासदगडांचा कारखाना निघाला. आज जे ॲल्युमिना जातीचे दगड व कागद मिळतात, त्यांचा कच्चा माल बॉक्साइट हा आहे आणि बॉक्साइटचे साठे कोल्हापूर जिल्ह्यातच, राधानगरी व शाहूवाडीच्या पठारांवर आहेत.

आधी पाया पक्का करावा

प्रयोग करण्यापूर्वी एक ठरावीक रीत पक्की करून घ्यावी. या रीतीने लावलेली धार हा आपला मापदंड. पुढचा प्रत्येक बदल या मापदंडाशी ताडून पाहावयाचा.

प्रथम धारेच्या दोन्ही उतारांवर मार्करची शाई लावावी. काचेवर पाणी टाकून त्यावर १००० नंबरचा कागद बसवावा. वस्तरा आडवा ठेवून पाठ पुढे व धार मागे राहील अशा रीतीने हलक्या हाताने ओढावा. कागदावर धार पुढे करून ढकलल्यास कागद कापला जातो व धारही बिघडते. दगडावर मात्र याच्या उलट, धार पुढे ठेवून वस्तरा चालवितात. दोन-चार हात झाल्यावर भिंगातून पाहावे. शाई धारेच्या अगदी टोकापर्यंत सर्व लांबीभर निघाली असेल तर दगड योग्य ठिकाणी लागतो आहे. टोकाशी शाई शिल्लक असेल तर अजून काम बाकी आहे. मधेच कोठे शाई राहिली असेल तर पाते वाकडे आहे किंवा दाब असमान आहे.

वस्तरा उलटविताना तो नेहमी पाठीवर उलटवावा, धारेवर कधीही नाही. दाब पात्याच्या वजनाइतकाच ठेवावा. एका बाजूस जितके हात, तितकेच दुसऱ्या बाजूस. सुरीला धार लावताना कडेला तुऱ्यासारखी पातळ कोर येईपर्यंत घासतात. वस्तऱ्याला ती कोर येऊ देऊ नये. ती येणे म्हणजे दाब जास्त झाल्याची खूण होय.

शाई सर्वत्र सारखी निघू लागली की २००० व २५०० नंबरचा कागद किंवा बारीक दगड घ्यावा. प्रत्येक टप्प्यास मागील टप्प्याचे ओरखडे भिंगातून दिसेनासे झाले पाहिजेत. शेवटी पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून, पट्टा ताणून हात द्यावेत. पट्टा सैल राहिला तर तो धारेभोवती वळतो आणि धार गोल होते.

दगड वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. दगड मधे झिजून खोलगट होतो. त्यावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात व काचेवरील ओल्या वॉटर पेपरवर तो घासावा. सर्व रेघा पुसल्या गेल्या म्हणजे दगड सपाट झाला.

प्रयोगाचे तीन नियम

पहिला नियम : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कागद, हातांची संख्या आणि पट्टा तिन्ही एकदम बदलले आणि धार सुधारली, तर श्रेय कोणाला द्यावयाचे? काहीच शिकणे झाले नाही.

दुसरा नियम : एकदा आलेला परिणाम खरा मानू नये. तीच गोष्ट निदान तीन वेळा करावी. तिन्ही वेळा सारखाच परिणाम आला तर तो नोंदवावा.

तिसरा नियम : परीक्षकाला काय बदलले ते सांगू नये. माणसाला जे खरे ठरावेसे वाटते ते त्याला जाणवू लागते. दोन सारखे वस्तरे घ्यावेत, मुठींना वेगळ्या रंगाचे दोरे बांधावेत आणि कोणत्या दोऱ्याचा वस्तरा कसा तयार केला हे दाढी करणाऱ्याला कळू देऊ नये. एक वस्तरा उजव्या गालावर, दुसरा डाव्या गालावर वापरावा. पुढच्या वेळी गाल बदलावेत, कारण दोन्ही गालांवर केसांची दिशा व हाताची सोय सारखी नसते. अशी परीक्षा घरच्याच माणसावर, त्याचे स्वतःचे दोन वस्तरे घेऊन करावी. गिऱ्हाइकावर कधीही नाही.

पहिला प्रयोग : पाठीवर चिकटपट्टी

काही कारागीर धार लावताना पाठीवर विजेची चिकटपट्टी लावतात, काही हे निषिद्ध मानतात. हिशेब करून पाहू. पट्टीची जाडी ०.१५ मिलिमीटर धरली तर दोन्ही बाजू मिळून ०.३ मिलिमीटर वाढली. त्यामुळे १६ अंशांचा कोन एक अंशाहूनही थोडा कमीच वाढतो. दाढीला यामुळे मोठा फरक पडण्याचे कारण नाही. परंतु दोन गोष्टी घडतात. पाठ झिजत नाही आणि दगड धारेच्या अगदी टोकाशीच लागतो, त्यामुळे काम लवकर उरकते. एक वस्तरा पट्टीसह व एक पट्टीविना तयार करून दोन्हींची मार्करची खूण, लागलेला वेळ आणि दाढीचा अनुभव लिहावा. मात्र पट्टीने लावलेली धार पुढच्या वेळी पट्टीविना दगडावर टेकणार नाही, हे विसरू नये. वस्तरा ज्याचा असेल त्याला तसे सांगावे.

दुसरा प्रयोग : कोरा पट्टा की हिरवा पट्टा?

हा सर्वांत जुना वाद आहे. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन व्हेरहोवेन यांनी २००४ मध्ये सुऱ्यांच्या धारेवर प्रयोग करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून धारा तपासल्या. नुसत्या कोऱ्या चामड्याने धारेत फारसा फरक पडला नाही, उलट क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या चामड्याने धार स्पष्टपणे सुधारली, असे त्यांना आढळले.

मग पिढ्यान् पिढ्या कोऱ्या पट्ट्यावर वस्तरा फिरविणारे उस्ताद चुकीचे होते काय? असा घाईचा निष्कर्ष काढू नये. व्हेरहोवेन यांचे प्रयोग दगडावरून नुकत्याच आलेल्या सुरीचे होते. दुकानातील उस्ताद आधीच तयार असलेली धार दोन दाढ्यांच्या मध्ये पट्ट्यावर फिरवितो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दोन्ही आपल्याला तपासता येतात. दगडावरून आलेले दोन सारखे वस्तरे घ्यावेत. एकास कोऱ्या पट्ट्यावर ५० हात, दुसऱ्यास हिरव्या पट्ट्यावर १० हात व नंतर कोऱ्यावर ४० हात द्यावेत. परीक्षकाकडून दाढी करवून उत्तर लिहावे. त्यानंतर दुसरा प्रश्न घ्यावा. दोन्ही वस्तरे एकाच रीतीने तयार करावेत. एकास दररोज दाढीपूर्वी कोऱ्या पट्ट्यावर ५० हात द्यावेत, दुसऱ्यास काहीच देऊ नयेत. कोणता किती दाढ्या चालला, ते मोजावे.

हिरवा पट्टा व कोरा पट्टा कायमचे वेगळे ठेवावेत. हिरव्या पट्ट्यावरून आलेला वस्तरा पुसल्याशिवाय कोऱ्या पट्ट्यावर वा चेहऱ्यावर नेऊ नये.

तिसरा प्रयोग : पाणी किती वेळ?

पोलाद केसाहून सुमारे पन्नासपट कठीण असते. मग मऊ केस कापून धार बोथट का होते? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या अमेरिकी संस्थेतील प्रा. सेम तासान व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला आणि त्यांचा लेख २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धार हळूहळू झिजते एवढेच नव्हे, तर तिचे बारीक टवके उडतात, असे त्यांना दिसले. केस पात्याखाली वाकतो आणि धारेवर तिरका जोर येतो, तेव्हा हे टवके उडण्याचा संभव वाढतो. पोलादाची अंतर्गत ठेवण जेथे एकसारखी नसते, तेथे तो अधिक असतो.

यातून कारागिराने काय घ्यावे? भिजलेला केस मऊ होतो व कमी जोराने कापला जातो, हे प्रत्येक न्हाव्याला माहीत आहे. पण ही बाब गिऱ्हाइकाच्या सुखाइतकीच धारेच्या आयुष्याचीही आहे, हे कदाचित लक्षात आले नसेल. म्हणून प्रयोग असा. एक वस्तरा नेहमी अर्धा मिनिट भिजविलेल्या दाढीवर, दुसरा तीन मिनिटे भिजविलेल्या दाढीवर वापरावा. बाकी सारे सारखे ठेवावे. पुन्हा निसण्याची गरज पडेपर्यंत कोणाच्या किती दाढ्या झाल्या, हे मोजावे. फरक पडला तर कोमट पाण्याचे अडीच मिनिटे जास्तीचे काम निसण्यावरील अर्धा तास वाचविते, असा त्याचा अर्थ होईल.

नोंदवही कशी ठेवावी?

वहीचे एक पान एका वस्तऱ्यास द्यावे. रकाने असे : तारीख, वस्तऱ्याची खूण, कोणता कागद वा दगड, प्रत्येकावर किती हात, चिकटपट्टी होती की नव्हती, कोणता पट्टा व किती हात, लागलेली मिनिटे, भिंगातून काय दिसले, परीक्षकाचे मत, आणि किती दाढ्यांनंतर धार उतरली. परीक्षकाचे मत 'बरे', 'छान' असे न लिहिता तीन प्रश्नांत लिहावे. केस ओढला गेला का? कातडीची आग झाली का? तोच गाल दुसऱ्यांदा करावा लागला का? होय किंवा नाही, एवढेच उत्तर पुरे.

दिव्याखाली धार वर करून धरावी. बोथट जागा दिव्याचा प्रकाश परतविते आणि पांढरी रेघ चमकते. चांगली धार दिसत नाही. अंगठ्याच्या नखावर धार ओढून पाहण्याची जुनी खोड जाड दगडाच्या टप्प्यापुरती ठीक. शेवटच्या टप्प्यानंतर ती बंद करावी, कारण त्या एका ओढीने तासाचे काम बिघडू शकते.

चाकापासून सावध

पायाने वा विजेने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर वस्तरा कधीही धरू नये. चाकावर सुरी व कात्री निभावतात, कारण त्यांची धार जाड असते. वस्तऱ्याची धार इतकी पातळ की ती क्षणात तापते. पोलादावर फिकट पिवळा रंग आला म्हणजे उष्णता सुमारे २२० अंश सेल्सिअसपर्यंत गेली, निळा आला म्हणजे ३०० अंशांच्या आसपास. त्या जागचे पाणी उतरले. पुढे कितीही घासले तरी तेथे धार टिकणार नाही. अनेक चांगले जुने वस्तरे असेच वाया गेले आहेत. काम झाल्यावर वस्तरा कोरडा करून तेलाचा पुसट हात द्यावा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात एका रात्रीत धारेवर गंज चढतो, आणि गंजाचा एक ठिपका म्हणजे धारेतील एक खड्डा.

गिऱ्हाइकाचे आरोग्य

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. धार लावलेला एकच वस्तरा सार्वजनिक दुकानात एका गिऱ्हाइकावरून दुसऱ्यावर वापरू नये. यात तडजोड नाही. भारतात १९८६ मध्ये एचआयव्हीची लागण प्रथम आढळली आणि त्यानंतरच्या काळात अर्धी पाती घालून फेकून देण्याचा वस्तरा दुकानांत रुळला. हा बदल योग्यच झाला. दाढीच्या बाबतीत खरी मोठी भीती काविळीच्या बी व सी विषाणूंची आहे. बी विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि डोळ्याला न दिसणाऱ्या रक्ताच्या कणातूनही पसरू शकतो. वस्तरा धुता येतो. चामड्याचा पट्टा नीट धुता येत नाही. म्हणजे अनेकांचे वस्तरे एकाच पट्ट्यावर फिरले तर रोग पट्ट्यातूनही पसरण्याचा धोका राहतो. ब्लीचच्या पाण्याने जंतू मरतात, पण साध्या पोलादाची धारही खाल्ली जाते.

म्हणून धारेच्या वस्तऱ्याची जागा आता एकच. एक माणूस, एक वस्तरा, एक पट्टा. जुने वस्तरे जपणारे आणि स्वतःची दाढी स्वतः करणारे शौकीन आहेत. त्यांना धार लावून देणारा भरवशाचा कारागीर हवा असतो. असे काम घेताना आलेला वस्तरा हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने धुवावा व ७० टक्के स्पिरिटने पुसावा. यामुळे धोका कमी होतो. वस्तरा पूर्ण निर्जंतुक झाला असे समजू नये. अनेकांच्या वस्तऱ्यांसाठी हिरवा लेप चामड्याऐवजी गुळगुळीत लाकडी पट्टीवर कागद चिकटवून त्यावर लावावा आणि प्रत्येक वस्तऱ्यास कागद बदलावा. वॉटर पेपरही प्रत्येक वेळी नवा घ्यावा. धार लावणाऱ्याने स्वतः काविळीची (बी) लस टोचून घ्यावी.

धंद्याचा हिशेब

धारेचे मोल ठरविताना 'शेजारी किती घेतो' हे पाहून भागत नाही. वही असेल तर हिशेब सोपा आहे. समजा एका वस्तऱ्यास सरासरी ४० मिनिटे लागतात. आपल्या तासाचे मोल आपण ठरविलेले असेल, तर त्याचे दोन-तृतीयांश म्हणजे मजुरी. त्यात कागदाचे तुकडे, लेप व बारीकसारीक खर्च मिळवावा. दहा वस्तऱ्यांपैकी एखादा पुन्हा करून द्यावा लागतो, त्याचा दहावा हिस्सा धरावा. हा खरा भाव. प्रयोगाने ४० मिनिटांची ३० झाली आणि धार तीच राहिली, तर तेवढी कमाई वहीने मिळवून दिली.

केवळ वस्तऱ्यांवर कोणाचे घर चालेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु ज्याला वस्तऱ्याची धार जमली, त्याला शिंप्याची कात्री, रापी आणि सुरी यांचे काम अधिक चांगले व अधिक भावाने करता येते. प्रत्येक हत्याराचा कोन वेगळा, धार वेगळी. रीत मात्र तीच. मार्करची शाई, एका वेळी एक बदल, तीनदा खात्री आणि वहीत नोंद.

उस्तादांना एक विनंती. आपल्या हातातील हुनर शागीर्दाच्या हातात देताना त्याच्या हातात वहीही द्यावी आणि त्याने 'असे का?' विचारले तर रागावू नये. तपासून पाहू म्हणावे. शागीर्दांनी यंदाचा पावसाळा कामाला लावावा. धंदा थोडा मंद असतो, वेळ मिळतो. एक जुना वस्तरा, एक काच, तीन नंबरचे कागद आणि एक पट्टा एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्या पानावर तारीख घालावी आणि आजची धार जशी आहे तशी लिहावी.